कॉम्प्युटर स्लो झालाय म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका, आधी तो कुठे अडतोय ते बघा

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. डेस्कटॉप २०१५ मध्ये घेतलेला, प्रोसेसर कोअर आय थ्री चौथ्या पिढीचा, रॅम ४ जीबी, हार्डडिस्क ५०० जीबी, विंडोज १०. बटण दाबल्यापासून क्रोम उघडेपर्यंत आठ-दहा मिनिटं जातात, तोवर चहा होऊन पिऊनही होतो. मिस्टरांचे सोसायटीचे हिशेब आणि मुलीचे अभ्यासाचे व्हिडिओ सगळं त्याच्यावरच. गल्लीतला दुकानवाला म्हणतो आता नवीनच घ्या, भाचा म्हणतो मामी रॅम वाढव, आणि मिस्टरांच्या ऑफिसातले एक जण म्हणतात फॉरमॅट मारा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका, नव्यासारखा होईल. कोणाचं ऐकायचं?

माझं म्हणणं, आज कोणाचंच ऐकू नका. तिघंही काही वाईट सांगत नाहीत, पण तिघांपैकी एकानेही तुमच्या मशीनसमोर बसून ते नेमकं कुठे अडतंय हे बघितलेलं नाही. मी बावीस वर्षं मुंबईत हेच काम करतोय, सुरुवातीची काही वर्षं लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात एका दुकानात, नंतर घरोघरी जाऊन, आणि लोकांचे सगळ्यात जास्त पैसे कुठे वाया जाताना बघितले असतील तर ते न बघता केलेल्या दुरुस्तीत. बघायला पाच मिनिटं लागतात, पैसा लागत नाही आणि ते तुम्ही स्वतः करू शकता.

कॉम्प्युटर चालू करा, डेस्कटॉप दिसला की काहीही न उघडता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीशी खिडकी आली तर खाली मोअर डिटेल्स वर क्लिक करा. वरती सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील आणि प्रत्येकावर टक्के. आता पाच मिनिटं नुसतं बघत बसा, माऊसला हात लावू नका. तुमच्यासारख्या मशीनवर दहातल्या आठ वेळा मला काय दिसतं तर सीपीयू वीस-तीस टक्के, म्हणजे बिचारा निवांत, आणि डिस्क १०० टक्के, लालेलाल. मग वरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये जाऊन डिस्क निवडा, तिथे खाली वाचायचा आणि लिहायचा वेग दिसतो. डिस्क १०० टक्के कामात आहे पण वेग सेकंदाला फक्त एक-दोन एमबी, असं दिसलं की समजायचं की प्रोसेसरचा काही दोष नाही, तो हार्डडिस्कची वाट बघत उभा आहे. तिथेच ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम असा एक आकडा असतो तोही टिपून ठेवा, त्याच्याकडे परत येतो.

हे असं का होतं ते एकदा कळलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात म्हणून जरा थांबून सांगतो. डेस्कटॉपची हार्डडिस्क म्हणजे आत एक चकती, ती मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. तिच्यावर एक सुई मागेपुढे सरकते. कुठलाही तुकडा वाचायचा तर आधी सुई त्या जागेवर न्यायची, मग चकती फिरून तो तुकडा सुईखाली येईपर्यंत थांबायचं. दोन्ही मिळून साधारण १२-१३ मिलिसेकंद. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब करा, सेकंदाला जेमतेम ७५-८० तुकडे झाले, बस. आणि विंडोज सुरू होताना काय करतं, हजारो छोट्या छोट्या फाइली इकडून तिकडून उचलतं. किराणा दुकानात माळ्यावरून माल काढणारा एकच पोऱ्या असावा आणि गिऱ्हाइकाने पाव किलोच्या दोनशे पुड्या मागाव्यात तसं ते आहे, पोऱ्या आळशी नाहीये, शिडीच तेवढी चढायला लागते. एसएसडी म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी, चिपवर माल ठेवणारी डिस्क, तिच्यात चकतीच नाही, सुई नाही, शिडी नाही, तिथे तोच तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात मिळतो. म्हणून जुन्या मशीनला एसएसडी लावली की माणसाला वाटतं कॉम्प्युटर बदलला. लॅपटॉपवाल्यांनी हेही लक्षात ठेवा की बहुतेक लॅपटॉपमध्ये हार्डडिस्क ५४०० फेऱ्यांची असायची, म्हणजे तिथे रडगाणं आणखी मोठं.

मग विंडोज ७ च्या वेळेला हीच हार्डडिस्क चालत होती ना, असं लोक विचारतात, बरोबर प्रश्न आहे. चकती तेव्हा तेवढीच फिरायची आणि आजही तेवढीच फिरते, पण विंडोज १० मागे गुपचूप बरीच कामं करतं, अपडेट शोधतं, फाइलींची यादी बनवतं, डिफेंडर हा त्याचा स्वतःचा अँटीव्हायरस स्कॅन करतो, शिवाय आजचं ब्राउझर दहा वर्षांपूर्वीच्या ब्राउझरच्या कितीतरी पट जड. म्हणजे तुमचं मशीन म्हातारं झालं असं नाही, त्याच्या डोक्यावरचं ओझं वाढलं.

आता भाच्याचं रॅमचं. तो चुकलेला नाही, पण अर्धंच बोलतोय. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. ओटा छोटा असला की पोळपाट ठेवायला कढई खाली उतरवायची, कढई हवी झाली की पोळपाट उचलायचा. ४ जीबीमध्ये विंडोज स्वतःच दीड-दोन जीबी खाऊन बसतं, क्रोमचे पाच-सहा टॅब उघडले की ओटा भरला. भरला की विंडोज काय करतं, सध्या न लागणारा माल उचलून हार्डडिस्कवर एका फाइलमध्ये ठेवतं आणि लागला की परत आणतं, आणि ही सगळी ने-आण त्याच एका पोऱ्याच्या डोक्यावर. म्हणून रॅम कमी पडली तरी टास्क मॅनेजरमध्ये बोंब डिस्कचीच दिसते, इथे भलेभले फसतात. ओळखायचं कसं? मेमरीचा रकाना बघा. काहीही उघडलेलं नसताना मेमरी पन्नास-साठ टक्के आणि डिस्क १०० असेल तर दोष डिस्कचा. क्रोम उघडल्यावर मेमरी नव्वदच्या वर गेली आणि तेव्हाच डिस्क तापायला लागली तर रॅम कमी पडतेय. तुमच्या बाबतीत बहुतेक दोन्ही निघेल, पण पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी एसएसडी, मग रॅम. उलटं केलं तर बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंतचा वेळ जवळपास तेवढाच राहील आणि तुम्ही म्हणाल पैसे गेले.

पण थांबा, काही विकत घ्यायच्या आधी हार्डडिस्कची तब्येत बघायची आहे. कारण डिस्क हळू असणं वेगळं आणि डिस्क मरायला टेकलेली असणं वेगळं. तो ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम टिपलात ना, तो कामात असताना पंधरा-वीस, अगदी पन्नास-साठ मिलिसेकंद असेल तर ठीक, डिस्क फक्त दमलीय. शेकड्यात किंवा हजारात जात असेल, मधेच सगळं गोठून परत चालू होत असेल, किंवा कॅबिनेटमधून टक्-टक् असा आवाज येत असेल तर आजच सावध व्हा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते त्यांच्या मूळ साइटवरूनच उतरवा आणि उघडा. वर निळ्या किंवा हिरव्या रंगात गुड आलं तर बरं. पिवळं कॉशन आलं तर यादीत ०५, सी ५ आणि सी ६ या तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झालेल्या किती जागा डिस्कने बाजूला टाकल्या, सी ५ म्हणजे किती जागा वाचताना अडतायत, सी ६ म्हणजे किती वाचताच आल्या नाहीत. सी ५ वर आकडा दिसला की मी गिऱ्हाइकाला दुसरं काहीच करू देत नाही, आधी डेटा काढू म्हणतो. अशा डिस्कवर फॉरमॅट मारणं, डीफ्रॅग लावणं (विखुरलेले तुकडे उचलून एका जागी लावायला लावणं) म्हणजे तापात फणफणलेल्या माणसाला पळायला लावणं. आणि एक, सी ७ ही ओळ वाढलेली असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर बहुतेक दोष डिस्कचा नाही, तिला बोर्डाशी जोडणारी साटा केबल खराब किंवा सैल आहे. केबल बदलली की काम झालं. हे मी दर वर्षी पाच-सहा घरी बघतो, आणि त्यातल्या एक-दोघांनी तोवर नवीन डिस्क घेतलेली असते.

डेटाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कंटाळू नका. डिस्क बदला, फॉरमॅट मारा, काहीही करा, त्याआधी सगळं बाहेर काढून ठेवायचं, आणि सगळं म्हणजे फक्त डी ड्राइव्ह नाही. आपली लोकं सगळं डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये ठेवतात, ते दोन्ही सी ड्राइव्हमध्ये असतं, आणि फॉरमॅटमध्ये पहिलं तेच जातं. हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचा डेटाचा फोल्डर कुठे आहे ते त्या सॉफ्टवेअरमध्येच बघून घ्या. ब्राउझरचे बुकमार्क, पासवर्ड. आणि आपल्या मराठी माणसांसाठी एक खास गोष्ट जी बहुतेक टेक्निशियन विचारतच नाहीत, ती म्हणजे फॉन्ट.

पार्ल्याला एक निवृत्त मास्तर होते, दहा वर्षं बसून आपल्या गावाच्या आठवणी टाइप केल्या होत्या, तीनशेच्या वर पानं. मशीन स्लो झालं म्हणून कोणीतरी येऊन फॉरमॅट मारून गेला, फाइली नीट कॉपी करून परत ठेवल्या, प्रामाणिकपणे काम केलं त्याने. मास्तरांनी फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. त्यांना वाटलं व्हायरस आला, लिखाण गेलं. दोन दिवस जेवले नाहीत असं त्यांच्या सूनबाई म्हणाल्या. लिखाण गेलेलं नव्हतं, ते युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगच्या पद्धतीच्या, आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं, शिवाजी, किरण, श्रीलिपीचे फॉन्ट असतात ना तसल्या, आणि फॉरमॅटमध्ये तो फॉन्टच उडाला होता. असल्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजीच अक्षरं असतात, वरून त्यांना मराठीचं रूप दिलेलं असतं, रूप गेलं की खाली इंग्रजी दिसतं. जुन्या पेनड्राइव्हमध्ये तो फॉन्ट सापडला, टाकला आणि सगळं जसंच्या तसं आलं. मास्तरांच्या डोळ्यात पाणी होतं आणि खरं सांगायचं तर माझ्याही. तेव्हापासून मी सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या आत जो फॉन्ट्स फोल्डर असतो तो आख्खा कॉपी केल्याशिवाय कुठल्याही मराठी घरात मशीनला हात लावत नाही. तुमच्याकडे सोसायटीच्या जुन्या नोटिसा, सभेची इतिवृत्तं असल्या फॉन्टमध्ये असणार याची मला जवळजवळ खात्री आहे, तेव्हा मिस्टरांना विचारा, आणि फॉन्ट जपा. जमलं तर सावकाश ते लिखाण युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, जोडाक्षरं मात्र नंतर डोळ्याखालून घालायला लागतात.

आता खरेदी. तुमच्या मशीनला अडीच इंची साटा एसएसडी लागेल. दुकानात छोट्या पट्टीसारखी एम डॉट टू एसएसडी दाखवतील, जास्त फास्ट आहे म्हणतील, ती फास्ट आहेच, पण चौथ्या पिढीच्या साध्या बोर्डांवर तिला बहुतेक करून जागाच नसते, तेव्हा तिकडे जाऊ नका. २५६ जीबी पुरे, विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअरं त्यात बसून वर जागा उरते, आणि तुमची ५०० जीबीची हार्डडिस्क तब्येतीने चांगली निघाली तर ती आतच राहू द्या, फोटो आणि व्हिडिओ ठेवायला. नाव नसलेली स्वस्त एसएसडी घेऊ नका. असल्यांमध्ये लिहिलेल्या आकारापेक्षा कमी जागा निघालेल्या मी बघितल्या आहेत, आणि मोठी फाइल कॉपी करताना त्यांचा वेग हार्डडिस्कच्याही खाली पडतो. नावाजलेल्या कंपनीची, तीन किंवा पाच वर्षं वॉरंटीची आणि पक्क्या बिलावर. बिलाचे चार पैसे वाचवायला जाल आणि वॉरंटीच्या वेळेला दुकानदार ओळखणार नाही.

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की लॅमिंग्टन रोड चालत जवळ आहे, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असतं पण तसं विचारलंत तर कोणी पटकन सांगणार नाही. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. दोन-तीन दुकानांत भाव विचारा, पहिल्याच दुकानात पाकीट काढू नका. रॅम घ्यायला जाताना जुनी रॅम काढून कागदात गुंडाळून बरोबर न्या, तोंडी सांगण्यात घोळ होतो. तुमची डीडीआर थ्री असणार, डीडीआर फोर तिथे बसत नाही, मधली खाच वेगळी असते, जोर लावला तर स्लॉट तुटतो. पट्टीवर १२८०० असा आकडा असेल तर ती १६०० मेगाहर्ट्झची. आणखी एक ४ जीबीची पट्टी तशीच घ्या, दोन स्लॉटमध्ये दोन सारख्या पट्ट्या बसल्या की प्रोसेसर दोन्हीकडून एकदम वाचतो, थोडा फायदा तोही. घ्यायच्या आधी एक गोष्ट नक्की बघा, धिस पीसी वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि विंडोज ६४ बिट आहे का ३२ बिट ते वाचा. ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वर कितीही रॅम टाका, ती वापरलीच जाणार नाही. डोंबिवलीच्या एका पोराने १६ जीबी टाकली होती आणि विंडोज ३२ बिटचं, वापरात साडेतीन जीबीसुद्धा नव्हती.

एसएसडी लावताना जुन्या डिस्कची नक्कल उतरवायची की नव्याने विंडोज टाकायचं? मी नवं टाकतो. नक्कल केली की दहा वर्षांचा कचरा पण नव्या घरात येतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची फाइल अधिकृतपणे फुकट उतरवता येते, ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. तुमचं विंडोज ओरिजिनल असेल तर त्याचं लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलली म्हणून परत विकत घ्यायला लागत नाही, तसं कोणी सांगितलं तर पैसे देऊ नका. टाकताना दोन गोष्टी, ज्या चुकल्या तर नंतर डोकेदुखी होते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय आहे ना ते विंडोज टाकायच्या आधी बघायचं, नंतर बदललं की विंडोज उठत नाही. आणि विंडोज टाकेपर्यंत जुन्या हार्डडिस्कची केबल काढून ठेवायची, नाहीतर विंडोज बऱ्याचदा आपली सुरू व्हायची फाइल जुन्या डिस्कवर टाकून मोकळं होतं आणि सहा महिन्यांनी ती डिस्क काढलीत की कॉम्प्युटर चालूच होत नाही. बोर्डावर साटाचे काही पोर्ट जलद आणि काही हळू असतात, जलद पोर्टला एसएसडी लावा, पण चुकून हळू पोर्टला लागली तरी घाबरू नका, रोजच्या वापरात फरक कळतसुद्धा नाही.

कॅबिनेट उघडलंच आहे तर धूळ. मुंबईतली धूळ नुसती धूळ नसते हो. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत एका भिंतीला ओटा, दुसऱ्याला कॉम्प्युटर, फोडणीची वाफ सरळ पंख्यात जाते, वर उदबत्तीचा धूर, मग ती धूळ चिकट होऊन हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते. हवा जायला जागा नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा वेग बघा, तुमचा प्रोसेसर साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा, भरपूर काम चालू असताना तो एकच्याही खाली दिसला तर ही उष्णतेची भानगड आहे. प्लग काढा, पंख्याचं पातं बोटाने धरा म्हणजे ते फुकट फिरून खराब होणार नाही, आणि ब्लोअरने गॅलरीत नेऊन उडवा. इंटेलच्या त्या गोल पंख्याला चार प्लॅस्टिकचे पाय असतात, त्यातला एक उठलेला असणं ही मी सगळ्यात जास्त वेळा बघितलेली गोष्ट आहे, एक पाय सुटला की हीटसिंक तिरकं बसतं आणि मशीन तापायला लागतं. चारही दाबून बघा, टक् आवाज आला पाहिजे. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता पोचवायला लावलेली थर्मल पेस्ट दहा वर्षांत सुकून खडू झाली असेल, जुनी पुसून वाटाण्याएवढी नवी लावायची, जास्त नाही. समुद्राजवळ राहत असाल, माहीम, वर्सोवा, कोळीवाडा, तर खाऱ्या हवेने रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढतो आणि पावसाळ्यात मशीन उगाच बीप करतं, पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसलं की चालतं. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, जुलैत खालच्या मजल्यावर कधी पाणी येईल ते सांगता येत नाही.

सॉफ्टवेअरचं मी मुद्दाम शेवटी घेतलं, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. फुकटात करण्यासारख्या गोष्टी आहेत, आज रात्री करून टाका, पण त्यांनी दहाची आठ मिनिटं होतील, एक नाही होणार. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये टॉरेंट, मीटिंगची ॲप्स, वेगवेगळे अपडेटर जे काही आपोआप सुरू होतं ते डिसेबल करा, ते डिलीट होत नाही, हवं तेव्हा उघडतं. आवाजाचं आणि विंडोज सिक्युरिटीचं मात्र राहू द्या. दोन अँटीव्हायरस असतील तर ते एकमेकांच्या मागे फाइली तपासत बसतात, मुदत संपलेला जो आहे तो काढून टाका, घरच्या वापराला विंडोजचा डिफेंडर पुरतो. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर निदान पंधरा-वीस टक्के रिकामा करा. आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, विंडोज १० मध्ये शट डाऊन केलं तरी मशीन पुरतं बंद होत नाही, लवकर उठावं म्हणून आतलं काही जपून ठेवतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली अप टाइम बघा, रोज बंद करूनसुद्धा तिथे वीस-पंचवीस दिवस दिसतील. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, शट डाऊन नाही, रीस्टार्ट. पन्नास छोट्या तक्रारी तिथेच जातात.

क्रोममध्ये एक्स्टेन्शन किती आहेत ते बघा, न ओळखीचं सगळं काढा. कोपऱ्यात सारखं तुमचा कॉम्प्युटर इन्फेक्टेड आहे असं येत असेल तर तो व्हायरस नाही, कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलीय, सेटिंगमध्ये जाऊन ती काढा. त्यातला नंबर लावू नका. मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय म्हणून कोणी फोन करून स्क्रीन शेअर करायला सांगितलं तर फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा. वेग वाढवणारे क्लीनर, ड्रायव्हर बूस्टर, रजिस्ट्री साफ करणारे, यातलं काहीही टाकू नका, फायदा शून्य आणि स्वतःच मागे चालत बसतात. क्रॅक केलेलं विंडोज किंवा ऑफिस असेल तर मला त्याचं जास्त वाईट वाटतं, कारण त्या ॲक्टिव्हेटरबरोबर काय काय आत आलंय ते कळत नाही, काही न करता सीपीयू सत्तर-ऐंशी टक्के चालत असेल तर तुमच्या विजेवर दुसऱ्याचं काम चालू असू शकतं. सोसायटीचे हिशेब आणि बँकेचं काम असल्या मशीनवर करू नका. साधं टाइपिंग आणि हिशेबाला लिब्रेऑफिस फुकट आहे आणि उत्तम आहे.

नवीन घ्या म्हणणाऱ्या दुकानवाल्याच्या बोलण्यात एक मुद्दा खरा आहे तो सांगायलाच हवा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरणाऱ्यांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट घेता येतील अशी सोय मायक्रोसॉफ्टने दिली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, तुमचा चौथ्या पिढीचा, म्हणजे अधिकृतपणे बसत नाही. जुगाड करून टाकून देणारे आहेत, मी नाही टाकत, कारण पुढचं एखादं अपडेट अडलं की ताई तुम्ही रात्री कोणाला फोन करणार. मग एसएसडीचे पैसे वाया जातील का? नाही. त्याच एसएसडीवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाका, एक्सएफसीई नावाची त्याची हलकी आवृत्ती ४ जीबीवर छान चालते, ब्राउझर आहे, व्हिडिओ आहेत, मराठी इनस्क्रिप्ट टाइपिंग आहे, अपडेट येत राहतात. परळच्या एका आजोबांना तीन वर्षांपूर्वी टाकून दिलंय, ते पेपर वाचतात, नातवाशी व्हिडिओवर बोलतात. अडचण एकच, हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं असेल तर ते तिथे सरळ चालत नाही, तेव्हा मिस्टर काय वापरतात ते आधी बघा. आणि उद्या खरंच दुसरं मशीन घेतलंत तर साटा एसएसडी काढून बहुतेक डेस्कटॉपमध्ये लावता येते.

कोअर टू डुओ, डीडीआर टूची रॅम, २ जीबी, असं कोणाचं मशीन असेल तर मात्र मी स्वतःच सांगतो की पैसे घालू नका, त्यापेक्षा ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीचा किंवा पुढचा डेस्कटॉप, एसएसडीसकट, तपासून घ्या. तुमचं तसं नाही, तुमच्यात अजून दम आहे.

तर करायचं असं. आज टास्क मॅनेजरच्या मेमरी आणि डिस्क या दोन पानांचे मोबाइलवर फोटो काढा, क्रिस्टलडिस्कइन्फोचा एक, आणि ते मला दाखवा. शनिवारी सगळा डेटा आणि फॉन्ट्सचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर. नंतर एसएसडी, मग महिना-दोन महिन्यांनी जमेल तशी रॅम. बाहेरच्या कोणाकडून काम करून घेतलंत तर जुनी हार्डडिस्क दुकानात सोडून येऊ नका, तो म्हणेल आता कामाची नाही, तरी मागून घ्या, त्यात तुमच्या घरच्यांचे फोटो, आधारच्या कॉप्या आणि सोसायटीतल्या सगळ्यांचे फोन नंबर आहेत.